मेलकाऊ, नऊ महिन्यांनंतर: सर्व्हर दोन तासांत उभा, डीएनएस जानेवारीपर्यंत आडवं

दिंडोरी तालुक्यात आमचं द्राक्ष निर्यातीचं ऑफिस आहे. माणसं मोजकी, मेलबॉक्स १४. मी मुळात हिशोब बघतो. कॉम्प्युटरचं काम अंगावर येऊन पडलेलं. गेल्या वर्षीपर्यंत वेबसाइटच्या होस्टिंगसोबत फुकट मिळालेल्या मेलवर चाललं होतं. एकाच आयपीवर (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) अनोळखी साइट्सचं अख्खं गाव. त्यातल्या कुणी स्पॅम उधळला की काळ्या यादीत आमचंही नाव. ऑगस्टमध्ये नानांना म्हटलं, स्वतःचा मेल सर्व्हर टाकू. नाना म्हणाले, "टाक. पण जानेवारीत कंटेनर भरताना मला मेलचं काही ऐकवू नको." ते ऐकवावं लागलंच, पुढे येतो त्यावर.

मेलकाऊ म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर. ते निवडलं कारण सगळा संसार एकत्र मिळतो: पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डव्हकॉट, स्पॅम चाळायला आरस्पॅमडी, ब्राउझरमधून बघायला सोगो. सगळं डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात. किमान ६ जीबी रॅम लागते असं तेच सांगतात. मी ८ जीबीचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला आणि आजवर रॅमची तक्रार नाही. जुन्या मेल आणायला त्यातच सिंक जॉबची सोय आहे, तिने १४ पेट्या रातोरात हलवल्या. सोगो दिसायला जुनाट, पण कॅलेंडर चालतं. सॉफ्टवेअरबद्दल एवढंच. उरलेली कथा डीएनएसची, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता आणि बाकी माहिती सांगणाऱ्या नोंदींची.

पहिली अडचण मात्र डीएनएसच्याही आधीची. पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जायचं दार, बाहेर जायला बंद होतं. बऱ्याच क्लाउड कंपन्या ते मुद्दाम बंद ठेवतात, स्पॅमवाल्यांमुळे. तिकीट टाकलं, काय पाठवणार ते लिहून दिलं, दोन दिवसांत उघडलं. मग मिळालेला आयपी तपासला तर आधीच्या भाडेकरूने त्याचं नाव खराब करून ठेवलेलं. तो बदलून घेतला. हे मी पहिल्याच आठवड्यात तपासलं, आणि माझ्या हातून वेळेवर झालेलं ते बहुधा एकमेव काम.

एमएक्स, म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी नोंद, टाकताना एक संध्याकाळ गेली. नावाच्या रकान्यात मी मेलच्या होस्टचं पूर्ण नाव लिहिलं. पॅनेलने त्याच्या शेपटीला आमचं डोमेन पुन्हा चिकटवलं. पडद्यावर सगळं बरोबर, डिगने (डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी कमांड) विचारलं की डोमेन दोनदा. तेव्हापासून पॅनेल काय दाखवतंय त्यावर विश्वास ठेवत नाही. डिगने थेट डोमेनच्या नेमसर्व्हरलाच विचारायचं.

"डीएनएस पसरायला ४८ तास लागतात" हे वाक्यही तेव्हाच डोक्यातून काढलं. पसरत काही नाही. लोकांनी जुनं उत्तर साठवून ठेवलेलं असतं आणि त्याची मुदत संपायची वाट बघायची असते. आमचा टीटीएल, म्हणजे हीच मुदत, ८६४०० सेकंद होता, म्हणजे पूर्ण दिवस. बदलाच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी आणला नाही, म्हणून दिवसभर निम्मी मेल जुन्या घरी जात राहिली. जुन्या पेट्या आठवडाभर चालू ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं.

आता पीटीआर. आयपीवरून नाव सांगणारी ही उलटी नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते. आयपी ज्याचा त्याच्याकडे असते. जमीन कसता तुम्ही, सातबारा मालकाच्या नावावर, तशातली गत. व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये मी ती आयपीव्ही४ साठी भरली आणि खूश झालो. सप्टेंबरभर जीमेलच्या पत्त्यांवर मेल कधी जायची, कधी ५५० (सरळ नकार) म्हणून परत यायची. तीच मेल, तोच पत्ता, दहा मिनिटांनी पाठवली की जायची. मी जीमेलला शिव्या घातल्या. चूक माझी होती. पोस्टफिक्स दोन्ही प्रकारचे पत्ते उपलब्ध असले की आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांतून कोणताही उचलतो, आणि आयपीव्ही६ ला पीटीआर मी दिलाच नव्हता. परत आलेल्या मेलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं! परत आलेली मेल शेवटपर्यंत कोण वाचतं?

एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल कोणत्या आयपीवरून येऊ शकते ते सांगणारी नोंद. तिचा घोळ छोटा, पण सगळीकडे होतो. जुन्या होस्टिंगची नोंद तशीच ठेवून मी खाली नवीन एसपीएफ टाकला. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी चालत नाहीत. दोन दिसल्या की तपासणारा कोणतीच मानत नाही, सरळ चूक म्हणून सोडून देतो. दोन्ही एकत्र करताना दुसरी मर्यादा कळली: एसपीएफ तपासताना डीएनएसला विचारणारे घटक १० पेक्षा जास्त झाले की तीही चूकच. जुन्या नोंदीतले इन्क्लूड (दुसऱ्याची यादी आत घेणारे घटक) उलगडत गेलो तर एकाच्या पोटात तीन. सगळे काढून आमच्या आयपीचे दोन पत्ते सरळ लिहिले.

आणि जानेवारी. पहिला कंटेनर न्हावा शेव्यातून सुटला. फायटो (मालात रोगकीड नसल्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सगळं रॉटरडॅमच्या एजंटला मेल केलं. तो म्हणाला, काही आलं नाही. लॉगमध्ये २५० ओके, म्हणजे त्यांच्या सर्व्हरने मेल स्वीकारलेली. परत पाठवली, परत २५०. नाना दारात उभे. शेवटी कागद व्हॉट्सॲपवर गेले, आणि मी एजंटला विनंती केली की स्पॅममध्ये बघ, सापडली तर तिचे हेडर (मेल कुठून कशी आली त्याच्या नोंदी) मला पाठव. स्पॅममध्येच होत्या.

हेडर वाचल्यावर कळलं की तो पत्ता नुसता फॉरवर्ड होता. एजंटची खरी पेटी दुसऱ्याच ठिकाणी. फॉरवर्ड झाली की मेल फॉरवर्ड करणाऱ्याच्या आयपीवरून येते, तो आयपी आमच्या एसपीएफमध्ये नसतो, म्हणून एसपीएफ नापास. यात कुणाचा दोष नाही, त्याची घडणच तशी आहे. अशा वेळी तारतो तो डीकिम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, कारण ही सही मेलच्या आत असते आणि मजकूर कुणी बदलला नाही तर फॉरवर्डनंतरही टिकते. पण आमचा डीकिमही नापास होता, आणि तो ऑगस्टपासून. सही तपासायची २०४८ बिटची चावी ४०० च्या आसपास अक्षरांची; ती डीएनएसच्या ज्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत ठेवतात, तिच्यातली एक ओळ २५५ अक्षरांपलीकडे जात नाही. चावी दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या अवतरणांत द्यावी लागते. पॅनेलने उरलेली शेपूट गुपचूप कापून टाकली होती.

मग पाच महिने चाललं कसं? थेट जाणाऱ्या मेलला एसपीएफ पास होता आणि डीमार्कला (नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) एसपीएफ-डीकिम दोघांतला एक पास झालेला पुरतो, फक्त त्यातलं डोमेन फ्रॉमच्या डोमेनशी जुळलं पाहिजे. आम्ही एका पायावर उभे होतो. फॉरवर्डने तोच पाय काढला. जास्त राग याचा, की मेलकाऊच्या डोमेनच्या पानावर डीएनएस तपासायचं बटण आहे. मी ते ऑगस्टमध्ये दाबलं होतं. डीकिमसमोर लाल खूण होती. "अजून पसरलं नसेल" म्हणून पान बंद केलं.

मधे नोव्हेंबरमध्ये एक शहाणपणा केला होता. मेलकाऊसोबत अनबाउंड नावाचा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्रॅम) येतो. वेग वाढेल म्हणून मी त्याला गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे, ८.८.८.८ कडे वळवलं. आठवड्यात स्पॅमचा पूर. स्पॅमहाउसची स्पॅमवाल्यांची काळी यादी सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारली की खरं उत्तर न देता ते १२७.२५५.२५५.२५४ असा नकाराचा आकडा परत करतात, म्हणजे आमची काळी यादीच आंधळी झाली. वळण काढलं, पूर ओसरला. चालतं ते सुधारायला जाऊ नये, हे आमच्याकडे पंपाच्या स्टार्टरबद्दलही म्हणतात.

नवीन येणाऱ्यांनी एक गोष्ट बिघाड समजू नये: ग्रेलिस्टिंग. युरोपातले काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्यांदा ४५० किंवा ४५१ (तात्पुरता नकार) सांगून परत पाठवतात. पोस्टफिक्स थोड्या वेळाने आपोआप पुन्हा दार ठोठावतं आणि मेल जाते. रांगेत मेल दिसली म्हणून हात लावायचा नाही.

घ्यावं का? येणाऱ्या मेलसाठी मी आता दुसरीकडे जाणार नाही. जागा आपली, लॉग आपले, "आलीच नाही" म्हणणाऱ्याला सेकंदासकट वेळ दाखवता येते. जाणाऱ्या मेलचं तसं नाही. तिथे तुमचं नाव समोरचा ठरवतो आणि ते रोज राखावं लागतं. महिन्यातून एक संध्याकाळ अपडेट आणि लॉगला देता येत नसेल, किंवा हजारोंनी जाहिराती पाठवायच्या असतील, तर पैसे मोजून तयार सेवा घ्या. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत, पण पीटीआर नसेल तर तुमच्या चार मेलचीही गय नाही.

डीमार्क आम्ही सुरुवातीपासून नन वर ठेवला होता, म्हणजे कारवाई नाही, फक्त अहवाल. मे महिन्यात शेवटचा कंटेनर गेला आणि मी धाडस करून तो क्वारंटाइनवर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) नेला. तिसऱ्या दिवशी दोन शेतकऱ्यांचे फोन: बिलं स्पॅममध्ये पडतायत. ती बिलं बाहेरचं सॉफ्टवेअर आमच्या नावाने पाठवतं. त्याचा आयपी रोजच्या अहवालात सप्टेंबरपासून येत होता. अहवाल झिपमध्ये येतात, मी ते एका फोल्डरमध्ये जमा करत होतो. सध्या पुन्हा नन वर आणलंय आणि झिप उघडायला बसलोय, पहिल्यापासून.