आर्वीत बनवून घेतलेला लोखंडी कूलर : मार्चपासून मृगापर्यंतचा अनुभव

घ्या, असं सुरुवातीलाच सांगते. घर खेड्यात असेल, खोलीला एक खिडकी असेल आणि रोज आठ-दहा बादल्या वापरायचं पाणी मिळत असेल, तर तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कूलर बनवून घ्या. उन्हाळ्यासाठी केलेल्या दुसऱ्या कोणत्याच खरेदीत इतका पैसा वसूल होताना मी पाहिलेला नाही.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. मागचं घर मातीच्या भिंतींचं आहे, पुढची बैठक मात्र टिनाची. एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर त्या बैठकीत कोणी बसत नसे. लोखंडी पलंगाला हात लावला तरी चटका बसायचा. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. तेव्हा मी शाळेत होते आणि आजी दिवसभर ओलं लुगडं अंगावर घेऊन माजघरात सारवलेल्या जमिनीवर पडून असायची, हे मला लख्ख आठवतं. त्यानंतरही आमच्याकडे पंखाच होता. पंखा गरम हवाच फिरवतो.

यंदा दहावीच्या पोरांच्या शिकवणीचे पैसे हातात होते. माझी स्वतःची बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची परीक्षा उन्हाळ्यातच होती. मार्चच्या शेवटी बाबांसोबत आर्वीला गेले आणि तळेगाव रोडच्या एका दुकानात कूलर सांगून आले.

दुकान म्हणजे समोर पत्र्याची शेड. दिवाळीपर्यंत तिथे फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनतात, संक्रांतीनंतर फक्त कूलर. दुकानवाल्या काकांनी आधी खोलीचं माप विचारलं, मग खिडकी कोणत्या दिशेला आहे ते, मग पाणी विहिरीचं की नळाचं. पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी. मी स्वस्तातल्या पत्र्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "बाई, पातय पत्रा घेशीन त दोन सालात बूड गयते. हजार रुपये जास्त लागू दे, पण जाड घे." पत्र्याचा गेज जितका कमी तितका पत्रा जाड, हे तिथेच कळलं. २४ ऐवजी २२ गेजचा जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा घेतला. पंखा १८ इंची, मोटारीचं वाइंडिंग तांब्याचं. ॲल्युमिनियमचं वाइंडिंग स्वस्त पडतं, पण ते लवकर तापतं आणि कूलरचा पंखा आमच्याकडे दिवसाचे पंधरा तास चालतो. तीन बाजूंना ताट्या, म्हणजे पाणी झिरपत राहतं त्या भरलेल्या चौकटी, खाली साधारण सत्तर लिटरची टाकी, चाकांचं स्टँड. सगळं मिळून साडेसात हजार. त्यात ताट्या भरून देणं आणि पंप आला.

ताट्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण गारवा तिथूनच येतो. कंपनीच्या प्लास्टिक कूलरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी येते. ती तीन-चार वर्षं टिकते, पण आमच्या विहिरीच्या खारट पाण्याने तिची भोकं क्षाराने बुजतात आणि नवीन घ्यायची तर महाग पडते. लोखंडी कूलरला वुडवूल असतं, म्हणजे लाकडाच्या बारीक लांब कातऱ्या. दर हंगामात जुनं काढून नवीन भरायचं, दोन-अडीचशे रुपयांत काम होतं आणि ते घरी कोणालाही जमतं. मी दोन ताट्या वुडवूलच्या ठेवल्या आणि एक वाळ्याची, म्हणजे खसाची. ती महाग पडली. पण पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा त्या ओल्या मुळांचा वास बैठकीतून माजघरापर्यंत गेला, आणि आजी काठी टेकत टेकत बाहेर आली. पंख्यासमोर उभी राहिली, पदर उडू दिला आणि म्हणाली, "पोरी, माघ आनला का वं घरात?"

त्या वाक्यात माझे साडेसात हजार वसूल झाले होते. बाकीचं सगळं वरचं.

गारवा किती पडतो ते मोजलेलं आहे. मे महिन्यात बाहेर सावलीत ४४ अंश असताना कूलरच्या तोंडाशी धरलेला तापमापक तिशीच्या खाली गेला. यामागचं कारण आम्ही प्रयोगशाळेत ओल्या आणि कोरड्या फुग्याच्या तापमापकावर शिकलो होतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. आपल्याकडे मेच्या दुपारी हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. कोकणात हाच कूलर लावला तर नुसती चिकचिक होईल. ज्या कोरड्या उन्हाला आपण नावं ठेवतो, तेच ऊन या यंत्राला चालवतं, हे मला फार आवडलं. पुस्तकातला धडा आजीच्या पदरावर खरा ठरताना पाहिला.

एक गोष्ट मात्र दुकानात सांगितल्याशिवाय कळत नाही. खोली बंद करून कूलर लावला तर अर्ध्या तासात कोंदट होतं. समोरचं दार किंवा दुसरी खिडकी वीतभर उघडी हवीच. हवा आत आली तशी बाहेर जायला पाहिजे. कूलर खिडकीच्या बाहेर ठेवून वारा आत घेतला तर सगळ्यात चांगलं, कारण त्याला बाहेरची कोरडी हवा मिळत राहते. आम्ही खिडकीचे दोन गज कापून तसंच केलं.

वीज फार खात नाही. पंखा आणि पंप मिळून अडीचशे वॅटच्या आसपास, म्हणजे चार तासांना एक युनिट. दीड टनी एसी पूर्ण जोरावर चालला तर तेवढं युनिट पाऊण तासाच्या आतच उडवतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंख्याचा जोर कमी होतो, वीज गेली की अर्थातच काही नाही. पण ताट्या ओल्या असतात, म्हणून खिडकीतून येणारा वारा थोडा वेळ तरी निवलेला येतो.

आता या कूलरने घरात काय केलं ते.

बाबा पहाटे पाचला शेतात जातात. मे महिन्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून झाल्या की वखरवाही असते, आणि संत्र्याच्या झाडांना मृग बहारासाठी पाणी तोडून ताण दिलेला असतो, त्यामुळे त्यांचं लक्ष सारखं बागेकडे. अकराला घरी येतात तेव्हा कान लाल झालेले असतात. इतकी वर्षं जेवण झालं की ते गोठ्याच्या सावलीत बाजेवर पडायचे, दर दहा मिनिटांनी कूस बदलायचे आणि तीन वाजले की न झोपताच उठून जायचे. यंदा ते बैठकीत झोपले. गाढ झोपले, तोंड थोडं उघडं ठेवून, पायाची बोटंसुद्धा सैल सोडून. मी तिथेच कोपऱ्यात अभ्यास करत होते. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून जपत होते आणि सारखं वर बघत होते. माझ्या वडिलांना दुपारी झोपलेलं मी याआधी नीट पाहिलेलंच नव्हतं. उठले तेव्हा म्हणाले, "च्या मांड, बाई," आणि चेहऱ्यावर उशीच्या घड्या उमटल्या होत्या. त्या दुपारी मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही, पण कूलरबद्दल मत देताना ते सोडून कसं चालेल?

आईच्या बाजूने वेगळाच फायदा निघाला. सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून करायचा शेवयांसारखा प्रकार. त्यांचं पीठ उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत काडीवर गुंडाळेपर्यंत वरून कडक पडतं आणि तडकतं. बैठकीतल्या ओलसर गारव्यात ते मऊ राहिलं. मग शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या सुना आल्या, आणि दुपारभर ताटं मांडून सरगुंडे, शेवया आणि गप्पा. वाळवण अर्थातच छतावर. त्या बायकांना दुपारी घराबाहेर एका जागी बसून हसताना बघणं हे फक्त लग्नघरी घडतं. आमच्याकडे ते मेभर घडलं. त्याच सरगुंड्यांवर गावरान आंब्याचा रस आणि वर तुपाची धार, आजीने दोनदा मागून घेतलं.

आणि रात्री. चाकं लावून घेतली हे सगळ्यात शहाणपणाचं झालं. जेवणं झाली की मी आणि लहान भाऊ कूलर ढकलत अंगणात नेतो. उघड्यावर हवा ताज्या ताजी मिळते, म्हणून तो खोलीपेक्षाही जोरात गार करतो. एका रांगेत बाजा, पहिली आजीची, मग सुट्टीत आलेली मामाची पोरं, शेवटी बाबा. पोरांचं भांडण कूलरच्या तोंडाची जागा कोणाला यावर. माझ्या दोन मैत्रिणी परीक्षेपर्यंत अभ्यासाला आमच्याकडेच येत होत्या. त्यांच्या घरी जागा होती, पण उकाड्यात डोकं चालत नव्हतं. पेपर कसे गेले ते निकाल सांगेल. आम्ही मात्र रात्री साडेअकरा-बारापर्यंत डोळे न चोळता वाचत बसलो, आणि मध्ये आई पन्ह्याचे पेले ठेवून जायची.

त्रासही सांगितला पाहिजे.

पाणी लागतं. नवतप्यात, म्हणजे २५ मेनंतरच्या त्या नऊ दिवसांत, दिवसरात्र मिळून दहा-बारा बादल्या जातात. आमच्या विहिरीला पाणी होतं म्हणून जमलं. ज्या गावात टँकर येतो तिथे मी हा कूलर घ्या म्हणणार नाही. पाण्याचा क्षार टाकीत साचत जातो, त्यामुळे तळाचं पाणी मधूनमधून काढून टाकावं लागतं. आम्ही ते कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आवाज आहे, टीव्ही मोठा करावा लागतो. वह्यांची पानं ओलाव्याने मऊ पडतात, आणि पापडाचा डबा त्या खोलीत ठेवला तर पापड नरम होतात. तो माजघरातच ठेवा.

आणि शॉकचं. हे वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात पाणी भरणारी बाई किंवा खेळणारं लेकरू असतं. लोखंडी बॉडी, पाणी आणि अनवाणी पाय, तिन्ही एकत्र येतात. वायरमनकडून तीन पिनांचा प्लग लावून घ्या, घराला अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात रोज तांब्याभर तरी पाणी टाका, नाहीतर अर्थिंग नावालाच उरतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्याकडे त्याचा वेगळा खर्च आला आणि बाबांनी एका शब्दाने काटकसर केली नाही. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, पिन उपसून बाजूला ठेवा, पायात चप्पल घाला. आमच्या घरी नियम आहे की पिन ज्याच्या हातात, तोच पाणी टाकेल. मामाच्या पाच वर्षांच्या पोरीलाही तो पाठ झाला आहे.

दुकानाबद्दल एक सांगायचं राहिलं. मेच्या मध्यात आमचा पंप बंद पडला. काकांना फोन केला तर म्हणाले, आधी काढून जाळी धू, कचरा अडकला असंल. तेच निघालं. नवीन पंप विकता आला असता, दोन-तीनशे रुपयांची तर वस्तू. त्यांनी विकला नाही. अशा माणसाच्या हातची वस्तू घरात असली की जिवाला बरं वाटतं.

मृग लागला, पहिली सर आली, हवेत दमटपणा आला आणि कूलरचं काम संपलं. आता टाकी कोरडी करून, ताट्यांमधलं वुडवूल काढून, आतून डांबर मारून ठेवला आहे. म्हणजे बूड गंजत नाही. बनवून घ्यायचा असेल तर संक्रांत ते होळी या काळात सांगा. एप्रिलमध्ये दुकानात उभं राहायला जागा नसते आणि भावही चढलेले असतात. पत्रा २२ गेज, वाइंडिंग तांब्याचं, एक तरी ताटी वाळ्याची, आणि चाकं, एवढं सांगायला विसरू नका. मी दिवाळीनंतर आजीच्या खोलीसाठी दुसरा सांगणार आहे, लहान, दोन फुटी, आणि स्टँड बसकं, वारा बरोबर तिच्या बाजेच्या उंचीला यावा म्हणून.