पहिला ई-रीडर : कोकणातील मराठी वाचकाने कोणता घ्यावा?

ई-रीडर घ्यायचे ठरले की बहुतेक जण पडद्याचा आकार, किंमत आणि कंपनीचे नाव पाहतात; त्यावर वाचायची पुस्तके कुठून आणायची, हा विचार यंत्र घरी आल्यानंतर सुरू होतो. मराठी वाचकाने हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. मराठी ई-पुस्तके तीन-चार ठिकाणी विखुरलेली आहेत आणि प्रत्येक ठिकाणचे पुस्तक प्रत्येक यंत्रावर उघडत नाही. ॲमेझॉनचा किंडल पेपरव्हाइट हा ई-रीडर माझ्या रोजच्या वापरात आहे आणि अँड्रॉइडवर चालणारा ओनिक्स बूक्स हा ई-रीडरही मी पुरेसा हाताळला आहे. या दोन्हींच्या आधारे, किनारपट्टीवर राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच ई-रीडर घेऊ पाहणाऱ्या वाचकासाठी हे लिहीत आहे.

हातात मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण असतात. पान उलटताना विजेच्या प्रभावाने हे कण वर-खाली सरकतात आणि पुढचे पान येईपर्यंत जागच्या जागी राहतात. त्यामुळे वीज मुख्यतः पान बदलताना आणि वाचनाच्या दिव्यासाठीच खर्च होते. पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही, बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. म्हणून एप्रिलच्या लख्ख उन्हात अंगणात बसले तरी अक्षरे फिकी पडण्याऐवजी अधिक ठसठशीत दिसतात. आपल्याकडे याहून मोठा लाभ विजेचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात आदळले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेवढे मोठे संकट नसले तरी पावसाळ्यात झाड तारांवर पडून वीज जाणे कोणत्याच गावाला नवे नाही. एकदा चार्ज केलेला किंडल रोज अर्धा-पाऊण तास वाचले तरी कित्येक आठवडे चालतो, आणि मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखून ठेवता येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यांत छापील पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते ती वेगळीच.

आता मुख्य मुद्दा, मराठी पुस्तकांचा. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली आणि आज तिथे प्रमुख प्रकाशकांची कथा-कादंबरी, चरित्रे, अनुवादित पुस्तके बऱ्यापैकी सापडतात. खरेदी सोपी आहे, आणि अक्षर लहान-मोठे केले की मजकूर आपोआप नव्याने जुळतो. मात्र बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले ई-पुस्तक बुकगंगाच्याच ॲपमध्ये वाचावे लागते. ते किंडलवर नेता येत नाही. ज्यांनी बुकगंगावर आधीच बरीच खरेदी केलेली आहे, किंवा ज्यांच्या आवडीचे लेखक तिथेच मिळतात, त्यांनी किंडल घेण्यापूर्वी याचा विचार केलाच पाहिजे. अशा वाचकाला ओनिक्स बूक्ससारखा, प्ले स्टोअरमधून ॲप घेऊ देणारा ई-रीडर अधिक उपयोगी पडतो. त्याची बॅटरी किंडलइतकी टिकत नाही आणि पहिल्या दिवशी तो समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो, पण दोन्ही दुकाने एकाच यंत्रावर उघडतात.

तिसरा स्रोत विनामूल्य पुस्तकांचा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ई साहित्य प्रतिष्ठान, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, राज्य मराठी विकास संस्था आणि मराठी विकिस्रोत यांच्याकडे मिळून इतके वाचनीय साहित्य आहे की एखाद्याने एक रुपयाही न खर्चता वर्षानुवर्षे वाचत राहावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. अडचण अशी की या खजिन्याचा मोठा भाग पीडीएफ स्वरूपात आहे. पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्रच समजावे. त्यातले अक्षर मोठे करायला गेले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. ते एपब या, अक्षराच्या आकारानुसार ओळी नव्याने जुळवणाऱ्या स्वरूपात रूपांतरित करावे, असा सल्ला इंग्रजी वाचकांना सर्रास दिला जातो, पण मराठीत तो अनेकदा निरुपयोगी ठरतो. स्कॅन केलेल्या पानात मजकूर नसतोच, आणि युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकाचे रूपांतर केले तर हाती अगम्य चिन्हांची रांग येते. म्हणून ज्याला मुख्यतः जुनी, दुर्मीळ, स्कॅन केलेली पुस्तके वाचायची आहेत त्याने सहा इंची पडदा घेऊच नये. सात इंचांवर यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचता येते. खऱ्या सोयीसाठी आठ ते दहा इंच हवेत, आणि समास कापून अक्षरांचा काळेपणा वाढवण्याची सोय बूक्समध्ये किंडलपेक्षा पुष्कळच चांगली आहे.

स्वतःजवळची एपब पुस्तके ‘सेंड टू किंडल’ या सोयीने किंडलवर पाठवता येतात. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने किंडलवर घालण्याचा पर्याय मात्र ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केला. ज्या गावात वायफाय नाही आणि मोबाइलला माडीवर गेल्याशिवाय रेंज मिळत नाही, तिथे ही गैरसोय खरी आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदम पंधरा-वीस पुस्तके उतरवून ठेवणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय.

पडद्यावरचे देवनागरीही निवडीआधी तपासावे. शक्य असल्यास कुणाचे तरी यंत्र हातात घेऊन मराठी पुस्तकाची दोन पाने नीट पाहावीत: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे दिसतात का, जोडाक्षरे फुटत नाहीत ना, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी. किंडलवर जोडाक्षरांची अडचण मला आली नाही, आणि मनाजोगता युनिकोड फॉन्टही त्यात घालता येतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने पाण्यापासूनचे संरक्षण ही चैन समजू नये. पेपरव्हाइटला आयपीएक्स८ हे मानांकन आहे, म्हणजे दोन मीटर गोड्या पाण्यात साठ मिनिटे तो तग धरतो. समुद्राच्या पाण्यासाठी मात्र कंपनीचा आकडा केवळ पाव मीटर आणि तीन मिनिटे इतकाच आहे. या दोन आकड्यांमधील अंतर नीट लक्षात घ्यावे. मुरुड किंवा गणपतीपुळ्याच्या पुळणीवर लाट अंगावर आली तर यंत्र लगेच गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि चार्जिंगचे तोंड सुकल्याखेरीज केबल लावू नये. खाऱ्या, दमट हवेत हे धातूचे तोंडच आधी गंजण्याचा धोका असतो. उन्हात उभ्या गाडीतही यंत्र ठेवू नये, कारण वापरासाठी सांगितलेली तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश आहे आणि बंद गाडी ती सहज ओलांडते.

रंगीत पडद्याच्या मोहात पहिल्या खरेदीला पडू नये. कॅलिडो ३ या रंगीत ई-रीडर पडद्यावर रंगीत चित्राची घनता दर इंचाला १५० ठिपके, तर काळ्या अक्षरांची ३०० असते, आणि रंगांच्या थरामुळे पांढरा भाग करडा दिसतो. कादंबरी वाचणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

तेव्हा माझी शिफारस अशी. नवी मराठी पुस्तके विकत घेऊन वाचणाऱ्याने पेपरव्हाइट घ्यावा. एप्रिल २०२५ मध्ये भारतात १६,९९९ रुपयांना आलेल्या आवृत्तीचा पडदा सात इंची आहे, प्रकाशाचा पिवळेपणा कमी-जास्त करता येतो आणि वजन २११ ग्रॅम असल्याने झोपाळ्यावर एका हाताने धरून वाचता येते. साधा सहा इंची किंडल स्वस्त असला तरी त्याला पाण्यापासून संरक्षण नाही आणि उबदार प्रकाशही नाही, म्हणून कोकणात तो घेण्याचा सल्ला मी देणार नाही. बुकगंगाच्या आणि स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या वाचकाने थोडे अधिक पैसे साठवून अँड्रॉइडचा आठ इंची किंवा मोठा ई-रीडर घ्यावा. सोळा जीबी साठवण मजकुराच्या पुस्तकांना भरपूर पुरते. चांगले कडक आवरण मात्र त्याच दिवशी मागवावे, कारण पडद्यामागची काच पातळ असते, पिशवीतल्या दाबानेही तिला तडा जाऊ शकतो, आणि नवा पडदा बसवण्याचा खर्च बहुधा परवडत नाही.