बर्थिंग बॉल: सात महिने वापरल्यावर

गरोदरपणात आणि कळांमध्ये बसायला, टेकायला वापरतात तो हवा भरलेला मोठा बॉल म्हणजे बर्थिंग बॉल. सातव्या महिन्यात घेतला हा बॉल, आता मुलगी साडेचार महिन्यांची आहे, म्हणजे सात महिने जवळपास रोज वापरतेय.

आधी साइज, कारण मी तिथेच चुकले. उंची पाच फूट एक आणि मागवला ६५ सेंमीचा, बसलं की टाचा वर उचलल्या जायच्या. बदलून ५५ चा घेतला. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या जरा खाली हवेत. टाइल्सवर घसरतो, खाली सतरंजी टाकाच. नवीन असताना रबराचा वास येतो, दोन दिवस गच्चीत ठेवला तेव्हा गेला. हवा हळूहळू कमी होते, मी पंधरा दिवसांनी पंप मारायचे.

नवव्या महिन्यात पाठ इतकी भरून यायची की खुर्चीत दहा मिनिटं बसवत नव्हतं, यावर बसून गोल गोल कंबर फिरवली की बरं वाटायचं. (डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, वार म्हणजे प्लॅसेंटा खाली असेल किंवा अंगावर लाल जात असेल तर आपल्या मनाने काही करू नका.)

खरा उपयोग कळांमध्ये झाला. रात्री साडेनऊला कळा सुरू झाल्या, तीन वाजेपर्यंत घरीच होते, सतरंजीवर गुडघे टेकून बॉलला मिठी मारून. आई मागे बसलेली. तिने हातातल्या बांगड्या काढून पदराला बांधल्या होत्या, मला टोचू नयेत म्हणून, आणि प्रत्येक कळ आली की माकडहाडाच्या वर दोन्ही तळव्यांनी दाबून धरायची, कळ गेली की गूळपाण्याचा घोट. बोलत काहीच नव्हती.

दवाखान्यात पोचलो आणि तिथे ट्यूबलाइट, फॉर्म, तेच प्रश्न तिघांनी विचारले, चार मिनिटांवर येणाऱ्या कळा दहा मिनिटांवर गेल्या. बाई घाबरली, बुजली की ॲड्रेनलिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं हे वाचलं होतं, ते अंगावर अनुभवलं. रात्रपाळीच्या सिस्टरनी आपणहून मोठा दिवा बंद केला, पडदा ओढला, बॉल आत घेऊ दिला आणि आईला परत माझ्या मागे बसवलं. तासाभरात कळा पूर्वीसारख्या. मधूनमधून येऊन बाळाचे ठोके ऐकायच्या आणि काही न बोलता जायच्या, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आई आत असावी यासाठी आठव्या महिन्यापासून मागे लागले होते, दवाखान्यातले आधी नाहीच म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत असावी असं स्पष्ट आहे, आपल्या सरकारच्या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही आहे, ते दाखवलं तेव्हा मानले. तुम्हीही आधीच विचारून ठेवा, कळा सुरू झाल्यावर भांडायची ताकद नसते.

एक गोष्ट अजून खटकते. शेवटी जोर करायच्या वेळी टेबलावर पाठीवरच झोपवलं, मला गुडघ्यांवर राहायचं होतं, कोणी ऐकलं नाही. बाळ मात्र लगेच छातीवर दिलं आणि नाळ थोडं थांबून कापली.

माझ्या जावेचं सिझेरियन झालं आणि ते गरजेचंच होतं, तिच्या बाळाचे ठोके कमी झाले होते. तेव्हा बॉल घेतला की नॉर्मल होणारच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण शरीराला हलायला मिळावं, मागे आपलं माणूस असावं, हे प्रत्येकीला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता संध्याकाळी मुलगी किरकिर करायला लागली की तिला छातीशी धरून यावर हलके हलके झुलते, दहा मिनिटांत झोपते. पुढच्या महिन्यात नणंदेला नववा लागतोय, बॉल तिच्याकडे चाललाय, आणि तिने आत्ताच सांगून ठेवलंय, वहिनी, कळा सुरू झाल्या की तू मागे बसायचंस.