जहाजांच्या सफरींचा जिगसॉ सेट, मालवणच्या बाजारात मिळाला

भाच्यासाठी घेतला, चार चित्रं आहेत आणि खरं सांगते मस्तच आहे. सगळ्यात भारी मॅगेलनच्या सफरीचं. १५१९ ला स्पेनहून पाच जहाजं निघाली, १५२२ मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत पोचलं ते एकटं व्हिक्टोरिया, त्यावर १८ जण, आणि मॅगेलन तर वाटेत फिलिपीन्समध्येच मारला गेलेला, म्हणून परतीच्या चित्रात कप्तान एल्कानो दाखवलाय ते बघून फार बरं वाटलं. वास्को द गामाचं कालिकत ठीकठाक. तारिणीचं मात्र पोरींना दाखवाच, नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ ला गोव्याहून निघून तारिणी नावाच्या शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करून आल्या!

पण कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं एकही चित्र नाही, ना गुराब ना गलबत (त्यांची लढाऊ जहाजं), कोकणात विकताय तर हे हवंच हो.

पुठ्ठा जाड, तुकडे घट्ट बसतात, फक्त पावसाळ्यात दमट हवेने फुगतात म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि आधी शिडं, दोरखंड लावून घ्या, समुद्राचे निळे तुकडे शेवटी.