केगला बिनवेल्डिंगचं बल्कहेड किट बसवलं, सहा बॅचनंतरचा अनुभव

घरी बिअर बनवताना जुना ५० लिटरचा स्टीलचा केग (बिअरचं पिंप) उकळायला वापरायचा तर खाली कॉक हवाच, उकळत्या वर्टने (बिअर बनण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) भरलेलं एवढं जड भांडं उचलून ओतायचं म्हणजे भाजून घेण्याचंच काम. वेल्डिंग मला नको होतं. टिग वेल्डिंग करताना आतून आरगॉन वायू सोडला नाही तर मागच्या बाजूला स्टील जळून काळं खडबडीत होतं आणि मग त्यात घाण अडकते ती निघता निघत नाही. म्हणून भिंतीला भोक पाडून आरपार बसवायचं हे बल्कहेड किट घेतलं, त्यात अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह (कॉक), निपल (आट्यांचा छोटा पाइप), नट, खाच असलेला वायसर आणि सिलिकॉनची एक ओ-रिंग (गळती रोखणारी गोल कडी) येते.

आधी एक सांगतो, केग कापायच्या किंवा भोक पाडायच्या आधी आतलं प्रेशर पूर्ण सोडा आणि आतली नळी काढून टाका, यात हयगय नको.

खरी मेहनत भोकाची आहे. अर्ध्या इंचाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो, मी स्टेप बिटने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा ड्रिल बिट) २२ मिमीचं भोक पाडलं. स्पीड अगदी कमी, दाब भरपूर आणि कटिंग ऑइल सतत घालत राहायचं, कारण स्टेनलेसवर बिट न कापता नुसता घासत राहिला की ती जागा इतकी कडक होते की नंतर बिटच जळतो. मी घाई केली नाही आणि लांब वळलेला कीस निघत होता ते बघून बरं वाटलं.

तरी पहिल्यांदा पाणी भरलं तर थेंब थेंब गळायला लागलं. पाना घेऊन अजून आवळलं तर ओ-रिंगच एका बाजूने बाहेर आली. उघडून बघितलं तर रिंगला बारीक चीर, भोकाच्या कडेला राहिलेली धार बोटाला लागत होती तिनेच कापली होती. कानशीने आणि पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली, नवी रिंग वायसरच्या खाचेत बसवली, हाताने घट्ट केलं आणि वरून फक्त पाव फेरा. तेव्हापासून एक थेंब नाही. केगची भिंत गोल आणि वायसर सपाट, त्यामुळे मधली फट रिंगच भरते, ती चेपून सपाट केली तर भरणार कुठून? टेस्ट मात्र गार पाण्यावर थांबवू नका, एकदा पाणी उकळून बघा.

किटबद्दल तक्रार एवढीच की रिंग एकच देतात आणि ती भिंतीच्या कुठल्या बाजूला बसवायची ते कागदावर लिहिलेलंच नाही. मी बाहेरून बसवली. आटे मात्र स्वच्छ कापलेले आहेत, टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले की बास.

दर दोन-तीन बॅचनंतर सगळं खोलून धुतो, वायसरच्या मागे चिकट तपकिरी थर निघतोच. उकळायच्या भांड्यात हे चालतं कारण उकळीत जंतू मरतात, पण फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) मी हे बसवणार नाही. तिथे वेल्ड केलेलं फिटिंगच हवं, तेही आतून गुळगुळीत केलेलं. चांदी-कथलाचं सोल्डर हाही एक मार्ग आहे पण ते साधारण २२१ अंशाला वितळतं, म्हणजे भांडं रिकामं असताना खाली बर्नर चालू राहिला की जोड गेला.

घेणार असाल तर सोबत दोन ओ-रिंग जास्तीच्या घ्याच.