मूत्रवाहिनीचा कर्करोग: मूत्रपिंड वाचवायचे की काढायचे?

मूत्रवाहिनीतली, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीतली, गाठ एकच, 2 सेंटीमीटरहून लहान, बायोप्सीत लो-ग्रेड (संथ वाढणारी) आणि सीटीत भिंतीत न शिरलेली असेल, तर दुर्बिणीतून लेझरने जाळून मूत्रपिंड वाचवता येते. चिरा नाही, घरीही लवकर. पण 6 ते 8 आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालावीच लागते, आणि त्याच बाजूला गाठ परत येणे नेहमीचे. गोव्याच्या टोकांहून, काणकोण किंवा पेडण्याहून, बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या फेऱ्या वर्षानुवर्षे झेपणार नसतील, तर हा मार्ग घेऊच नये.

हाय-ग्रेड (आक्रमक) गाठीत सहसा मूत्रपिंड, अख्खी मूत्रवाहिनी आणि मूत्राशयातले तिचे तोंड मूत्राशयाच्या भिंतीच्या भोवतालच्या कडीसकट काढतात. ऑपरेशनआधीच सर्जनला विचारा: कडी काढणार ना? खालचा तुकडा राहिला, तर तिथे रोग पुन्हा उगवतो.

तरीही साधारण 22 ते 47 टक्के रुग्णांत पुढे मूत्राशयात गाठ होते. सुटलेल्या पेशी लघवीबरोबर उतरून तिथे रुजतात, असे मानले जाते. म्हणून कॅथेटरमधून मूत्राशयात मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधाचा एक डोस देतात. मूत्राशयाचे टाके गळत असतील तर मात्र नाही, औषध पोटाच्या पोकळीत उतरते. पहिली सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी) 3 महिन्यांनी. एकाच मूत्रपिंडावर सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध अनेकांना झेपत नाही, तेव्हा किमोचा विषय शस्त्रक्रियेआधीच काढावा.