ईईएफचं टूलकिट: प्रशिक्षणावर पैसे घालण्याआधी किती कामाचं?

वंचित घरांतल्या मुलांसाठी इंग्लंडमधल्या शाळांना सरकारकडून जादा पैसे मिळतात. त्याला ‘प्यूपिल प्रीमियम’ म्हणतात आणि एप्रिल २०११ पासून तो सुरू आहे. गेल्या सहा वर्षांत कधीही शाळेतल्या मोफत जेवणाला पात्र ठरलेलं मूल त्यात धरलं जातं. २०२४-२५ साली दर मुलामागे प्राथमिक शाळेला १,४८० आणि माध्यमिक शाळेला १,०५० पौंड मिळत होते. म्हणजे अशी २०० मुलं असलेल्या माध्यमिक शाळेच्या हातात वर्षाला २ लाख १० हजार पौंड. हे पैसे त्याच मुलांवर, डोकी मोजून खर्च करायचं बंधन नाही. अख्ख्या वर्गाचं शिकवणं सुधारायला, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही ते वापरता येतात. मात्र खर्चाचं नियोजन दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत शाळेच्या वेबसाइटवर टाकावं लागतं. तिथे मुख्याध्यापकांची पंचाईत होते: अमुकच प्रशिक्षण का घेतलं, हे लिहायचं कशाच्या आधारावर?

या प्रश्नासाठी हाताशी असलेली फुकट सेवा म्हणजे एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनची, थोडक्यात ईईएफची वेबसाइट. सटन ट्रस्टने इम्पेटस या संस्थेच्या जोडीने २०११ मध्ये ईईएफ उभी केली. शिक्षण खात्याने सुरुवातीला १२ कोटी ५० लाख पौंड दिले आणि २०२२ मध्ये आणखी १३ कोटी ७० लाख. साइटवर तीन गोष्टी आहेत: सगळ्यांना ठाऊक असलेलं ‘टीचिंग अँड लर्निंग टूलकिट’, विषयवार मार्गदर्शिका आणि ईईएफच्या पैशातून शाळांत झालेल्या, उपाय लागू पडतो का ते पाहणाऱ्या चाचण्यांचे अहवाल. बहुतेक जण पहिलीवरच थांबतात. प्रशिक्षणावर पैसे घालायचे असतील तर खरा माल दुसरीत आणि तिसरीत आहे.

तरी सुरुवात टूलकिटपासूनच करू. डरहॅम विद्यापीठातल्या स्टीव्ह हिगिन्स यांच्या गटाने २०११ मध्ये ते प्रथम तयार केलं आणि २०२१ मध्ये त्याची मोठी फेरमांडणी झाली. दिसायला तो एक लांबलचक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत एक उपाय: मुलांना अभिप्राय देणं, वाचन-आकलन, गृहपाठ, वर्गातली पटसंख्या कमी करणं, मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवणं वगैरे. प्रत्येकासमोर तीन खुणा. पौंडाची चिन्हं खर्च सांगतात: एक पौंड म्हणजे दर मुलामागे वर्षाला साधारण ८० पौंडांपर्यंत, पाच म्हणजे १,२०० च्या वर. कुलपं पुराव्याचा भक्कमपणा सांगतात, जास्तीत जास्त पाच. आणि महिने सांगतात की त्या उपायाने मुलं वर्षभरात सरासरी किती महिने पुढे जातात. २०२१ च्या आवृत्तीत अभिप्रायाला ६ महिने आणि अगदी कमी खर्च आहे. पटसंख्या कमी करण्याला २ महिने आणि सर्वांत जास्त खर्च. त्याच वर्गात पुन्हा बसवणं तर थेट उणे.

तक्ता पाच मिनिटांत समजतो, आणि गडबडही तिथेच होते. हे महिने कुणी कॅलेंडर धरून मोजलेले नाहीत. संशोधनातलं परिणाममान, म्हणजे उपायाने गुण किती हलले ते सांगणारा आकडा, घ्यायचं आणि ठरलेल्या कोष्टकातून त्याचे महिने करायचे, अशी ती रीत आहे: ०.१० ते ०.१८ असेल तर २ महिने, ०.४५ ते ०.५२ असेल तर ६. त्यामागचं गृहीतक असं की मूल वर्षभरात एका प्रमाण विचलनाइतकं (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप) पुढे जातं. खालच्या इयत्तांत ते बऱ्यापैकी जुळतं. वरच्या इयत्तांत मुलांची वर्षाची प्रगती या मापाने बरीच कमी असते, त्यामुळे तिथे ‘६ महिने’ हा शब्दप्रयोग सैलच समजावा.

दुसरा घोळ सरासरीचा. अभिप्रायाचंच घ्या. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाममानं एकत्र केली. सरासरी चांगली आली, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायामुळे कामगिरी चक्क घसरलेली होती. म्हणून ‘अभिप्राय म्हणजे ६ महिने, तेव्हा सगळ्यांना वह्या जास्त तपासायला लावा’ असा निर्णय घेणारी शाळा शिक्षकांच्या संध्याकाळी खाते आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की आत सरासरीमागे काय दडलंय आणि वंचित आणि इतर मुलांमधलं अंतर कमी करण्याबद्दल काय कळतं, असे वेगळे भाग आहेत. तक्ता सोडून तेच आधी वाचावेत. वर्गात शिक्षकाच्या मदतीला असणाऱ्या साहाय्यकांच्या ओळीत पूर्वी १ महिना होता, २०२१ मध्ये ४ झाले. साहाय्यक रातोरात हुशार झाले नाहीत. ठरावीक साहित्य घेऊन, प्रशिक्षण मिळालेल्या साहाय्यकाने छोट्या गटाला दिलेले धडे आणि नुसतं वर्गात मुलाशेजारी बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला आकडा प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या कामाचा आहे. साहाय्यक नेमण्याला तो लावून चालत नाही.

आता मुद्द्याचं. या तक्त्यात ‘शिक्षक प्रशिक्षण’ अशी ओळच नाही. काय शिकवावं, कसं शिकवावं ते आहे. पण चाळीस-पन्नास शिक्षकांच्या हातात ती पद्धत कशी उतरवायची, ते नाही. खर्चाच्या रकान्यात शिक्षकांचा पगार आणि वर्गखोल्या आधीपासून आहेतच असं धरलेलं असतं. प्रशिक्षणात तर सगळ्यात महाग तोच वेळ असतो, त्यामुळे एक पौंडाचं चिन्ह पाहून स्वस्त म्हणून घेतलेला उपाय वेळापत्रकात महागडा निघतो.

यावर वास्तवाचा आणखी एक दणका आहे. ईईएफच्या आणि अमेरिकेतल्या तशाच कामाच्या सरकारी यंत्रणेच्या १४१ मोठ्या यादृच्छिक चाचण्यांचा (उपाय कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेल्या) आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतला सरासरी परिणाम ०.०६ निघाला, म्हणजे टूलकिटच्याच कोष्टकाने जेमतेम १ महिना. तक्त्यातले ५-६ महिने आणि प्रत्यक्ष शाळाशाळांत राबवल्यावरचा १ महिना, यांतली तफावत काही अंशी अभ्यासांच्या प्रकारामुळे आहे. छोट्या, संशोधकांच्या नजरेखाली झालेल्या प्रयोगांत आकडे सहसा फुगतात. पण काही भाग निव्वळ गळतीचा आहे: पद्धत शिक्षकांपर्यंत पोचली, वर्गापर्यंत पोचली नाही.

ही गळती कुठे होते, ते सांगणारी मार्गदर्शिका ईईएफने २०२१ मध्ये काढली: परिणामकारक व्यावसायिक विकासावरची. शंभराहून जास्त यादृच्छिक चाचण्या चाळून तिने प्रशिक्षणाचे १४ घटक वेगळे काढले आणि चार गटांत मांडले. ज्ञान पक्कं करणारे दोन: एका वेळी थोडंच शिकवणं आणि आधीचं पुन्हा उजळणं. उमेद देणारे तीन: उद्दिष्ट मिळून ठरवणं, भरवशाच्या माणसाकडून माहिती देणं, प्रगती दिसल्यावर शाबासकी देणं. हातोटी आणणारे पाच: कसं करायचं ते सांगणं, करून दाखवणं, सराव करून घेणं, पाहून अभिप्राय देणं, सहकाऱ्यांची साथ लावून देणं. आणि अंगवळणी पाडणारे चार: आठवण राहील अशी खूण, कृतीचा आराखडा, स्वतःची नोंद ठेवणं, आपल्याच वर्गात पुन्हा पुन्हा करणं.

एखाद्या प्रशिक्षणाचं माहितीपत्रक समोर ठेवा आणि यांतलं काय काय आहे ते पेन्सिलने खुणावत जा. एका दिवसाच्या कार्यशाळेत पहिले दोन गट बऱ्यापैकी भरतात, तिसऱ्यातले ‘सांगणं’ आणि फार तर ‘दाखवणं’. चौथा गट जवळजवळ नेहमी रिकामा. नेमकी तिथेच गळती आहे.

जवळून पाहायचं तर एक साधी पद्धत घेऊ: प्रश्न विचारल्यावर हात वर करणाऱ्या एकाला न विचारता सगळ्या वर्गाला छोट्या पाट्यांवर उत्तर लिहायला लावणं. प्रश्न असा: ०.३ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? हात वर केलेल्या मुलीने ‘०.३’ सांगितलं की शिक्षक पुढे सरकतो. पाट्या वर केल्या की दिसतं, सात-आठ जणांनी ०.२५ लिहिलंय, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे. ही चूक करणाऱ्यांत घरी विचारायला कुणी नसलेली मुलंही असू शकतात. पद्धत समजायला दहा मिनिटं पुरतात. अंगवळणी पडायला मात्र बरंच लागतं. पाट्या कधी वाटायच्या, ‘दाखवा’ म्हणेपर्यंत झाकून कशा ठेवायच्या, शेजाऱ्याचं बघून लिहिणं कसं थांबवायचं आणि मुख्य म्हणजे आठ चुका दिसल्यावर पुढचं वाक्य काय बोलायचं? सहकाऱ्यांना विद्यार्थी करून हा प्रसंग तीन-चार वेळा करून पाहिल्याशिवाय हे जमत नाही. ‘सराव’ हा घटक म्हणजे हेच. आणि ‘खूण’ म्हणजे तासाच्या टिपणातच, दुसऱ्या उदाहरणानंतर ‘पाट्या’ असं लाल शाईने लिहून ठेवणं. इतकी बारीक गोष्ट आहे, पण ती नसली की तिसऱ्या आठवड्यात पाट्या कपाटात जातात.

मार्गदर्शिकेची मर्यादाही सांगायला हवी. हे १४ घटक एकेक करून तपासलेले नाहीत. ज्या प्रशिक्षणांत ते जास्त होते त्यांचे निकाल सरासरीने चांगले होते, एवढंच त्यातून म्हणता येतं. सगळेच्या सगळे कोंबायचा हट्ट धरला तर कार्यक्रम पेलवेनासा होतो. चारही गटांतलं काहीतरी असावं, हा तिचा सल्ला पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट चाचण्यांचे अहवाल. त्यांतला प्रशिक्षणासाठी सर्वांत उपयोगी अहवाल ‘एम्बेडिंग फॉर्मेटिव्ह असेसमेंट’चा, म्हणजे शिकवता शिकवताच मुलांना किती समजलं ते तपासून पुढचं ठरवायला शिक्षकांना शिकवणाऱ्या कार्यक्रमाचा, २०१८ चा. १४० माध्यमिक शाळा, दोन वर्षं, मापन राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर. निकाल २ महिने, कुलपं पाचही, खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे १.२० पौंड. दोन महिने म्हणजे तक्त्यापुढे किरकोळ वाटतात, पण पाच कुलपांचे दोन महिने एका कुलपाच्या सहांपेक्षा कितीतरी भरवशाचे. रचना साधी: शिक्षकांचे छोटे गट, महिन्याला ७५ मिनिटांची एक बैठक, दोन वर्षांत १८ बैठका, मध्ये एकमेकांच्या तासाला बसणं. बैठक शाळेतलाच शिक्षक चालवतो.

आता तासांचा हिशेब करा. ६० शिक्षकांना ६ तासांच्या एका कार्यशाळेला बसवलं की ३६० तास गेले. १८ बैठका गुणिले ७५ मिनिटं म्हणजे माणशी साडेबावीस तास, तेव्हा तेवढ्याच ३६० तासांत १६ शिक्षकांची दोन वर्षं भागतात. सगळ्या ६० जणांसाठी १,३५० तास लागतील. १.२० पौंडाचा आकडा पाहून हरखून जाणाऱ्यांनी हे तास कुठून आणायचे ते आधी ठरवावं. बैठक शाळा सुटल्यावर ठेवली तर परीक्षांच्या हंगामात पहिली कात्री तिलाच लागते, आणि एकमेकांच्या तासाला बसायचं म्हटलं तर ऑफ तासिका जुळत नाहीत. बदली शिक्षकाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून धरलेला असेल तरच ही गोष्ट टिकते. इंग्लंडमध्ये नव्या शिक्षकांच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमात पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के तासिका कमी केल्या जातात. अनुभवी शिक्षकांना असं कुणी काही देत नाही, ते शाळेलाच काढावं लागतं.

प्रत्येक शिक्षकामागे एक अनुभवी मार्गदर्शक लावून, तास पाहून, एकच सुधारणा सुचवायची, हा पर्याय पुष्कळ जण सुचवतात. पुरावा चांगला आहे. २०१८ च्या एका आढाव्यात ६० अभ्यास होते. शिकवण्यावर परिणाम ०.४९, मुलांच्या गुणांवर ०.१८. शिकवणं बरंच सुधारतं तेव्हा गुण थोडे सुधारतात, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. शंभराच्या वर शिक्षकांना घेऊन राबवलेल्या कार्यक्रमांत हे आकडे उतरतात. तेवढे चांगले मार्गदर्शक एकदम मिळणं कठीणच. म्हणून छोट्या गटापासून सुरू करणं शहाणपणाचं, मग भले शाळासमूह मोठा असो.

साइट वापरायला सोपी आहे, अहवाल मोफत उतरवता येतात. प्रत्येक चाचणीच्या पानावर आधी कुलपं पाहावीत, मग मोफत जेवणाला पात्र मुलांचा निकाल वेगळा दिलाय का ते शोधावं. सगळ्या मुलांचा सारखाच फायदा झाला असेल तर अंतर तसंच राहतं, आणि हा पैसा तर अंतरासाठीच आलेला असतो. टूलकिटचे आकडे वेळोवेळी बदलतात, तेव्हा नियोजनात आकडा लिहिताना कोणत्या तारखेला पाहिला तेही लिहावं.

आणि प्रशिक्षण विकायला आलेल्या संस्थेला एवढंच विचारावं: पहिल्या कार्यशाळेनंतर चौथ्या महिन्यात कोण येणार, कुणाच्या वर्गात बसणार, आणि त्या तासाला बदली शिक्षकाचे पैसे कोण देणार. दरपत्रकात चौथ्या महिन्याची ओळ नसेल तर ती लिहून मागावी.